डब्यातल्या बाईची बॅटरी

सोम., ८ डिसें.
नारायणगुड्याच्या चौकात आज गाडी पुन्हा बंद. सौ. चालवत होती. क्लच लवकर सुटला, गचका, खलास. मागे हॉर्नचा गदारोळ. तिने चावी फिरवली, गाडी सुरू झाली, पण काचेवरची रस्ता सांगणारी जी.पी.एस.ची डबी विझली. काळा स्क्रीन. मग परत पहिल्यापासून उपग्रह शोधणं. तोवर सिग्नल लाल.
"डबीतली बाई बोलत का नाही?" सौ. स्टिअरिंग घट्ट धरून.
मी म्हणालो, अगं सरळ घे. सरळ. सरळ! ती उजवीकडे वळली.
घरी आल्यावर चावी फ्रिजवर ठेवली. एरवी खिळ्याला लावते.
संध्याकाळी माझ्या डोळ्यांत थेंब घालताना म्हणाली, "तुमचे डोळे धड होते तोवर मला गाडी शिकवायचं सुचलं नाही. आता काचबिंदू झाला, डॉक्टरांनी तुमची चावी काढून घेतली, अन् मी साठीला टेकल्यावर मला क्लच शिकवता."
थेंब डोळ्यात की गालावर, कळलं नाही.

मंगळ., ९
मनोजचा फोन, कुकटपल्लीहून. कालची बातमी मुलापर्यंत पोचली आहे. सौ.नेच मन मोकळं केलं असणार, त्याने त्याचा मुद्दा करून टाकला.
"बाबा, तुम्हाला ग्लॉकोमा, आईला टेन्शन. कार हवी कशाला? कॅब आहेत ना. आमच्या सेकंड फ्लोअरचे अंकल गाडी शोधताहेत. संडे ट्वेंटी फर्स्टला दाखवू."
मी ऊं ऊं करत होतो. सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला.
"दाखव की. पण कुकटपल्लीला गाडी आणणार कोण? मी आणते. एकटी. तुझ्या दारात आले तर गाडी आमची. वाटेत अडकले, तुला बोलवावं लागलं, तर तुझ्या अंकलला दे."
फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तेवढी बाई नीट करून द्या."
सगळी हयात गौलीगुड्यात स्पेअर पार्ट विकले. बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून सांगायचो, बेअरिंग की बेल्ट. हे इतकंसं खेळणं ते काय.

गुरु., ११
आधी संशय गाडीतल्या लायटरच्या सॉकेटवर, डबीची केबल तिथे लागते. ढिलं होतं, घट्ट केलं. तरी तेच.
मग लक्षात आलं. चावी फिरवली की स्टार्टर सगळा जोर खेचून घेतो, क्षणभर सॉकेटला काही उरत नाही. तेवढ्यापुरतं डबीच्या पोटातल्या बॅटरीने धरायचं असतं. ती मेली आहे. केबल काढून पाहिली, बाई अर्ध्या शब्दावर गेली. म्हणजे गाडी बंद पडून सौ. घाबरी होते, नेमकी तेव्हाच हीही गप्प.
सौ.ला विचारलं, मोबाइलवर का नाही लावत? तो फुकट सांगतो.
"त्यात मंगलचा व्हिडिओ कॉल येतो, रस्ता जातो अन् बहिणीचं तोंड येतं. अन् तो अर्ध्यात विचार बदलतो. ही एकदा म्हणाली की म्हणाली."
म्हणाली खरं, पण हिच्या नकाशात मेट्रो नाही, निम्मे पूल नाहीत, यू-टर्न तर कुठलेच नाहीत. सौ. चालवताना तिच्याशी बोलते: "अगं बाई, तिथं आता कठडा घातलाय. पुढून वळते, थांब जरा." बाई थांबते.
माझं कधी असं ऐकून घेतलं नाही. नोंद करून ठेवतो.

शुक्र., १२
उघडली.
स्क्रू सहा पाकळ्यांचे, मोहरीएवढे. माझी हत्यारं ट्रकची. चष्मेवाल्याकडचा पेचकसही लागेना. कोठीच्या बाजारातून बारीक पान्यांचा संच आणला. स्क्रू निघाले तरी झाकण हलेना, सगळीकडून खटके. दुकानाचं जुनं लॅमिनेट केलेलं कार्ड फटीत सारलं. माझं नाव शेवटी कुठं तरी आत गेलं. कट्. हा आवाज मोडल्याचा नव्हे, सुटल्याचा. फरक कानाला कळतो.
आत बॅटरी फुगलेली, पुरीसारखी. खालून चिकटवलेली. मी भाजीची सुरी घेतली.
"सुरी ठेवा खाली! भोक पडलं तर पेट घेते म्हणे."
"कोण म्हणे?"
"मोबाइल म्हणे. मी काय त्यात नुसती मंगललाच बघते?"
तिने शिवणाचा दोरा आणला, दुहेरी करून बॅटरीखालून ओवला, हलके हलके मागं-पुढं ओढत राहिली. डिंक सुटत गेला. बॅटरी अलगद हातात. नेलपॉलिशसारखा गोडसर वास. मातीच्या कुंडीत रेती घालून बाल्कनीत वेगळी ठेवली. कचऱ्यात टाकायची नाही, जुनं इलेक्ट्रॉनिक सामान घेतात तिथे द्यायची.
प्लग काढताना पाहिलं, तारा तीन. लाल, काळी, पांढरी. तिसरी कशाला?

शनि., १३
कोठीची गल्ली. दुकानदार पोरसवदा, हुशार. "सेम टु सेम है चच्चा. आँख बंद करके लगाओ."
मी म्हणालो, एक तो बंदच है मियाँ.
हसला. पण याच्या बॅटरीला दोनच तारा. विचारलं, तिसरी?
"वो फालतू रहती चच्चा. कुछ नै होता."
हे त्याने ज्या चालीत म्हटलं ना, ती चाल मला पाठ आहे. तरी घेऊन आलो. काउंटरच्या या बाजूला माणूस जरा भोळाच होतो.
दुपारी लावली. स्क्रीन उजळला. चार्ज होईना. बॅटरीच्या चित्रावर फुली.
नेटवर वाचून काढलं. तिसरी तार बॅटरी किती तापली ते सांगते. ते कळल्याशिवाय डबी चार्जिंग सुरूच करत नाही. कपाळाला हात लावून बघितल्याशिवाय पोराला आंघोळ न घालणारी आई.
सौ.ला समजावून सांगितलं. म्हणाली, "म्हणजे फालतू नव्हती."

रवि., १४
डबी टेबलावर उघडी पडलेली, सौ.ला सराव तर हवा. म्हणालो, चल, आज बाई मी.
तळ्याकाठच्या टँकबंडपर्यंत. गल्लीतून उजवीकडे, पुढे आर.टी.सी. चौरस्ता. मी घसा साफ करून, "पुढे दोनशे मीटरवर डावीकडे वळा."
"इंग्रजीत. नाही तर खरं वाटत नाही."
"इन टू हंड्रेड मीटर्स, टर्न लेफ्ट."
फसकन हसली, पण वळली. छान वळली. आणखी दोन वळणं तशीच. बरं चाललं होतं. मग एक ऑटो आडवा घुसला आणि मी, "अगं ए! ब्रेक! ब्रेक!"
ब्रेक तिने माझ्या आधीच दाबला होता. माझ्या ओरडण्याने क्लच सुटला. गाडी बंद.
तिने चावी फिरवली, शांतपणे. मग म्हणाली, "बाई अशी ओरडते का?"
यावर घरी येऊन खूप वेळ विचार केला. कान माझे, आणि इतकी वर्षं हे ऐकलं नाही. इंजिनावर ओझं आलं की आवाज बदलतो. माणसाचाही बदलतो. ही बाई मात्र रस्ता चुकला तरी त्याच पट्टीत "रीकॅल्क्युलेटिंग". ना टोमणा, ना सुस्कारा. सौ. रस्ता ऐकते की ती पट्टी?
नकाशा जुना आहे हे तर सौ.ला माझ्याआधीपासून ठाऊक.

सोम., १५
बॅटरी परत. "पैले बोलना था ना चच्चा, तीन तार होना बोलके." बोललो होतो. असू दे. गुरुवारी मागवून देतो म्हणाला.

मंगळ., १६
दोघं परत टँकबंड. मी बाईच्या पट्टीत. पाळण्याचा प्रयत्न केला. एकदा सुस्कारा निसटला. सौ.ने तिरप्या नजरेने बघितलं.

गुरु., १८
तीन तारांची आली. प्लग बसला. चार्जिंग सुरू, फुली गेली. झाकण दाबलं, सगळे खटके बसल्याचं ऐकलं. स्क्रू आवळले. चालू केली.
आवाज नाही.
स्क्रीनवर सगळं हललं, बाण फिरला, बाई मुकी. कानाला लावली. नुसती बारीक सळसळ. रविवार तीन दिवसांवर.
सौ. दारात उभी होती.
पुन्हा उघडली. स्पीकरला टेकणाऱ्या दोन पत्र्याच्या पट्ट्या माझ्या अंगठ्याने दबल्या असणार. सुईच्या टोकाने उचलल्या, केसभर. झाकण लावलं. स्क्रू अजून बाहेरच होते, तोच "टर्न लेफ्ट" असं खणखणीत.
स्वयंपाकघरातून: "आली का?"
"आली."
"मग जेवायला या दोघं."

शनि., २०
गल्लीत परीक्षा. सौ.ने मुद्दाम क्लच सोडला. गचका, बंद. चावी. स्टार्टर घरघरला. बाई बोलतच राहिली. स्क्रीनची लुकलुक नाही.
सौ.ने पुन्हा बंद पाडली. मग पुन्हा. मजा म्हणून. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यादगिरी गाडा सोडून आला. "क्या हुआ अंकल, गाडी खराब?"
"खराब नै, अच्छी होरी."
मनोजचा फोन: अंकल अकराला येतील, आरसी बुक आणा, प्लीज बाबा, आईला फोर्स करू नका. मी कुणाला फोर्स करतोय!
डबीत मनोजचा पत्ता घातला. ती म्हणते टँकबंड, बेगमपेट, मग सरळ. डबी बाल्कनीच्या कठड्यावर चार्जिंगला ठेवली, तिथे उपग्रह लवकर सापडतात.
चहाच्या वेळी विचारलं, उद्या मी नुसता शेजारी बसू का? बोलणार नाही.
"एकटी म्हणाले ना मी." मग बशी पुसत, "तुम्ही बाईपेक्षा चांगलं सांगता. पण मधेच परत तुम्ही होता."

रवि., २१
गेली.
साडी नाही, पंजाबी ड्रेस. आरसी बुक घेतलं नाही. म्हणाली, "विकायची नाही तर कागद कशाला?" मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. डोळ्यांचं काही खरं नाही, पण कान आहेत. पहिला गिअर. दुसरा, किंचित उशिरा. यादगिरीच्या गाड्याशी एक छोटा हॉर्न. कोपऱ्यावर थांबली, सुटली, बंद पडली नाही. आणि आवाज डावीकडे गेला.
डावीकडे?
टँकबंडला उजवीकडे.
तेवढ्यात हाताशी आवाज आला, "टर्न राइट." डबी कठड्यावरच. चार्जर लावलेला, स्क्रीन उजळलेला, बाई वाट बघत.
चार्जर उपटला, डबी घेतली, एका पायात माझी चप्पल, एका पायात तिची, जिना उतरलो. डबी हातात, चालतोय तसा बाण सरकतोय. आधी केबल काढली की मरायची. आता माझ्याबरोबर पायी निघाली.
यादगिरीने इस्त्री उभी ठेवली. "अंकल, कुकटपल्ली पैदल जारे क्या?"
"आंटी किधर गए?" मी विचारलं.
"लेफ्ट. मैं बोला, डब्बा भूल गए क्या आंटी? हाथ ऐसा हिलाए." हाताने दाखवलं. त्या हाताचा अर्थ "नको" की "येते" की "राहू दे", मला ठरवता आलं नाही. दोनदा करायला लावला.
डावीकडे नारायणगुडा. तोच चौक, गाडी बंद पडली होती तो. कुकटपल्लीला तिकडूनही जाता येतं.
कोपऱ्यावर उभा राहिलो. बाई म्हणाली, टर्न राइट. मी डावीकडे थोडा गेलो. बाई म्हणाली, रीकॅल्क्युलेटिंग. त्याच पट्टीत.
घरी आलो. फोन केला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नियम मीच केलेला. मनोजचा येऊन गेला: "बाबा, आई निघाली का? कोणत्या रूटने?" म्हणालो, निघाली. रूट तिला माहीत.
विसरली की ठेवून गेली?
अकरा वाजून गेलेत. डबी टेबलावर समोर आहे, अजून चालू. बॅटरी जवळजवळ भरलेली. बाल्कनीचं दार उघडं ठेवलंय, खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा दुसरा गिअर ऐकतोय, किंचित उशिरा पडतो का.