एका नळावरची कावीळ

मंगळवार, संध्याकाळ

सखूमावशींचा प्रश्न डोक्यातून जात नाही. बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आज औंढ्याच्या खालच्या आळीत काविळीची माहिती घेत होते. त्यांचा नातू आठवडाभर अंथरुणात आहे. त्या म्हणाल्या, "तू डाक्टर हाईस का?"

"नाही."

"मग इचारून काय करनार?"

आजारी माणसं असलेली सगळी घरं एकाच नळावर पाणी भरतात, हे तोवर लक्षात आलं होतं. मावशींनाच घेऊन तिकडे गेले. पाईप गटारातून गेलाय आणि त्याचा जोड सुटलाय! सरपंचांना बोलावून दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथे नळ बंद करायला लावला, टँकर मागवला.

हेच करायचंय मला. औषधाची वेळच येऊ नये म्हणून करायचं काम.

घरी येऊन सांगितलं, "आई, मी एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये लागणार नाही. सार्वजनिक आरोग्य शिकणार. प्रवेश परीक्षा मुंबईला आहे."

आई भाकरी थापत राहिली. मी घाबरले होते का? हो. पण शब्द मागे घेणार नव्हते.

शेवटी ती म्हणाली, "एकटी न्हाई जायाचं. मी येती संगं."