लिआसने पुलावर जे पाहिलं

लोवेल, मॅसॅच्युसेट्स
१४ ऑक्टोबर १९११

ती. लिगेरीताईस,
धाकट्या लिआसचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. आईला आधी एवढंच वाचून दाखव, बाकीचं मग. आपल्या पाद्रीकाकांनी तुला लिहावाचायला शिकवलं तेव्हा सगळं गाव हसलं होतं. आता तुझ्यावाचून आईला माझी खुशाली कोण सांगणार होतं?

हे शहर म्हणजे नुसत्या विटा आणि पाणी. नदीचे कालवे काढलेत आणि कालव्यांच्या काठाने गिरण्या. मला रंगखात्यात लावलंय. कोपरापर्यंत हात निळे झालेत, कितीही घासले तरी निघत नाहीत. एका खोलीत आम्ही सात जण राहतो, सगळे आपल्याच बाजूचे. स्वयंपाक पाळीपाळीने. माझ्या पाळीला मी मसूर शिजवला, तर खोलीतला थोरला कोस्मास म्हणाला की पोरा, रंगाचं पिंप इकडेच उपसलंस की काय! कामावरून सुटलं की आपल्या लोकांच्या कॉफीच्या दुकानात बसतो. तिथे डोळे मिटले की गावातच आहे असं वाटतं.

एक गोष्ट सांगणार नव्हतो, पण कोस्मास घरी तिखटमीठ लावून लिहील. गेल्या शनिवारी कालव्याच्या पुलावर पलीकडच्या वस्तीतल्या पोरांनी मला गाठलं. परका माणूस एकटा दिसला की ते सोडत नाहीत. भाषा कळली नाही, पण शिवी कळायला भाषा लागत नाही. वरचे दोन दात गेले आणि एक बरगडी अजून श्वास घेताना टोचते. सोमवारी मुकादमाने माझं सुजलेलं तोंड पाहिलं, हसला, आणि कामाला लाग म्हणून हात केला. दातांचं आईला सांगू नकोस.

स्तामातिस दाजींना नमस्कार. सासूच्या राज्यात घरजावयाचे दिवस कसे चाललेत ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात कळवावं. लोकरीचे मोजे कुणाबरोबर तरी पाठव. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
लिआस


पिर्गारी, मानी, ग्रीस
९ डिसेंबर १९११

चि. लिआस यास,
लिगेरीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दातांचं मी गाळलं, पण आई मध्येच म्हणाली की पोरगी अडखळली, म्हणजे पोराला कुठेतरी लागलंय. तिच्यापुढे कुणाचं काही लपत नाही. दाजींनी तुला दोन ओळी लिहायला घेतल्या, तेवढ्यात आईने त्यांना ऑलिव्ह झोडपायला पिटाळलं. यावरून त्यांचे दिवस कसे चाललेत ते समज.

आता कामाचं. दोन वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात आपल्या मिखालिसला खळ्यावर गोळी घालून पोतिस झिराकोस पळाला. मेला की जगला ते कळत नव्हतं. गेल्या आठवड्यात त्याची चुलती टाकीवर पाणी भरताना मोठ्याने म्हणाली की आमचा पोतिस अमेरिकेत लोवेलला आहे, गिरणीत आहे. आपल्या कानावर जावं म्हणूनच म्हणाली. आईने घागर तिथेच टाकली.

मिखालिस गेल्यापासून आईने केसांना फणी लावलेली नाही, हे तू पाहून गेलास. ती म्हणते आहे की देवाने तुला पोटासाठी नाही, त्याच्यासाठी तिकडे धाडलं. झिराकोसांच्या घरात त्याची आई रोज मुलाच्या नावाने दिवा लावते आणि मी माझ्या पोराच्या थडग्यावर लावते, हे किती दिवस चालायचं, असं विचारते आहे. मोजे मामाच्या जॉर्जीबरोबर पाठवलेत. त्यांच्या आत मिखालिसचा सुरा आहे.

हे सगळं आईच्या तोंडचं, माझं नव्हे, असं लिहिणार होते. पण खोटं का लिहू? खळ्यावर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मलाही हे हवं आहे.

जिवाला जप. आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई
लिगेरी


लोवेल
११ फेब्रुवारी १९१२

ती. लिगेरीताईस,
शि. सा. न.

हे पत्र एकटीने वाच.

मोजे मिळाले. सुरा मिळाला. पोतिसला शोधावं लागलंच नाही. जॉर्जी आला त्याच्या चौथ्या दिवशी कॉफीच्या दुकानात तो समोर बसलेला. कापूस पिंजायच्या खात्यात आहे, सारखा खोकत होता, पार वाळलाय. मला पाहून उठला. कॉफी तशीच ठेवली, दारापाशी थांबला, माझ्याकडे पाठ करून हळूहळू चालत गेला. मार म्हणत होता की पळत नाही म्हणत होता, मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी माझ्याच्याने झालं नाही.

मग दोन आठवडे मी त्याच्या मागावर राहिलो. काल शनिवारी दुपारी गिरणी सुटल्यावर तो पुलाकडे वळला. बर्फ पडून गेलं होतं, रस्त्यावर माणूस नव्हतं. मी कोठाराच्या भिंतीशी उभा राहिलो, सुरा खिशातून बाहेर काढला. आणि माझ्याआधी ती पोरं आली. तीच, माझे दात पाडणारी. पाच जण होते. एकाच्या हातात लोखंडी गज.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. तो आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. खाली पडल्यावर चौघांनी लाथा घातल्या, पोटात, तोंडावर. तो आपल्या भाषेत ओरडत होता. मग त्याला मी दिसलो. त्याने मला नावाने हाक मारली, ताई. लिआस, अरे लिआस, अशी, गावात बोलावतात तशी. माझ्या हातात सुरा होता आणि अंतर तीस पावलांचं होतं. एका दमात पोचलो असतो. मी हललो नाही. गजवाल्याने दोन्ही हातांनी गज उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला, तीनदा. मग त्यांनी त्याला कठड्यावरून खाली टाकलं. कालव्याचं बर्फ फुटलं नाही. तो त्याच्यावरच पडून राहिला, आणि त्याच्याभोवती लाल डाग पसरत गेला.

पोलीस खोल्याखोल्यांतून विचारून गेले. कुणी काही पाहिलं नाही म्हणाले. मीही तेच म्हणालो.

मी त्याला मारलं नाही. वाचवलंही नाही. आईला काय सांगायचं ते तू ठरव, मला समजेनासं झालंय. जेवण जात नाही.

लिआस


पिर्गारी
१७ मार्च १९१२

चि. लिआस यास,
अ. आ.

तू ठरव म्हणालास, मी ठरवलं. आईला मी वाचून दाखवलं की लिआसने पुलावर मिखालिसच्या सुऱ्याने त्याला संपवलं. तिने मला तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा मी डोळ्यांसमोर तुझं अक्षर असताना दुसरंच वाचत होते.

मग तिने पाणी तापवायला सांगितलं. दोन वर्षांचा गुंता, मी तासभर तेल लावून सोडवत होते. आरशात पाहून ती हसली, लिआस. मग मिखालिसची बंदूक घेऊन आपल्या घराच्या बुरुजावर चढली आणि आकाशात तीन बार काढले. खालच्या वाडीपर्यंत आवाज गेला. बायका मध लावलेली भजी घेऊन आल्या. दाजींनी तेवढा भज्यांना हात लावला नाही. रात्री म्हणाले की आता झिराकोसांना हिशेब कुणाशी करायचा ते कळलं. मी म्हटलं, लिआस समुद्रापलीकडे आहे, त्याला कोण काय करणार.

बरं केलं ना मी? लगेच कळव. तू जेव, बाळा.

तुझी
लिगेरी


लोवेल
१२ एप्रिल १९१२

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आत्ता मिळालं, उत्तर उभ्याउभ्या लिहितो आहे. आईला खरं सांग. आजच सांग. झिराकोसांकडे पाद्रीकाकांना पाठव आणि त्यांनाही कळव. मी इकडे आहे हे खरं, पण दाजी तिकडे आहेत. ते आपल्या घरात राहतात, आपल्या बुरुजाखाली झोपतात. त्यांना एकट्याने शेतावर जाऊ देऊ नकोस. वाट्टेल ते कर, पण जाऊ देऊ नकोस.

लिआस


पिर्गारी
२ जून १९१२

चि. लिआस यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं त्या दिवशी तुझे दाजी जाऊन नऊ दिवस झाले होते.

सकाळी जवाच्या शेतात गेले. दुपारचं जेवण घेऊन मी मागून निघाले आणि गोळ्यांचा आवाज ऐकला. बांधाच्या मागून दोघांनी घातल्या. पहिली खांद्यात, दुसरी पोटात. पोटातल्या गोळीने माणूस लवकर मरत नाही, लिआस. दुपार कलेपर्यंत ते पाणी मागत होते आणि पाणी द्यायचं नाही असं बायका सांगत होत्या. मी दिलं. शेवटी मला म्हणाले की तुझ्या आईने मला जावई कधी म्हटलं नाही, पण बघ, मुलाच्या जागी मेलो.

तेराव्या दिवशी आईने पुन्हा केस सोडले. मला म्हणाली की लिआसला लिही, पोतिसचे दोन भाऊ आहेत, त्याने परत यावं. तेव्हा मी तिला तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचून दाखवलं, जसं आहे तसं. तिने माझ्या तोंडात मारली. एकदा नव्हे, दमेपर्यंत. मी हात वर केला नाही. मग म्हणाली की तुम्ही दोघं माझ्या पोटची नव्हेत.

दुसऱ्या दिवशी मी काळा रुमाल बांधला आणि तुझं पत्र घेऊन झिराकोसांच्या दारात गेले. तो बांध आपल्या घरातल्या कुणी मिखालिसनंतर ओलांडला नव्हता. धाकट्या भावाने बंदूक माझ्या छातीला लावली. मी म्हटलं, आधी तुमच्या आईला हे ऐकू दे, मग चाप ओढ. पोतिसची आई दाराशी येऊन बसली. मी सगळं वाचलं. गुडघा, गज, बर्फ, आणि तुला मारलेली हाक. तीस पावलंही वाचली. तिने एकच विचारलं, हाक मारताना तो आई म्हणाला का? पत्रात नाही म्हणून सांगितलं.

मग ती मुलांकडे वळली आणि म्हणाली की म्हणजे तुम्ही दोघांनी हिचा नवरा फुकट मारलात. धाकट्याने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. तिने माझ्या हातात पाव दिला. मी तिथेच खाल्ला. पाद्रीकाका म्हणतात की याला समेट म्हणतात. मला त्याला काय म्हणावं ते सुचत नाही. मी फक्त जेवले.

आई माझ्याशी बोलत नाही. मी तिचं सगळं करते.

तुझ्यावर राग नाही. तू पाहत उभा राहिलास, आणि मी खोटं वाचलं. दोघं सारखेच.

लिगेरी


लोवेल
२० ऑगस्ट १९१२

ती. ताईस,
लिआसचा शि. सा. न.

दाजींसाठी इथल्या आपल्या देवळात मेणबत्ती लावली. त्यांना पत्रातून चिडवलेलं आठवतं आणि मान खाली जाते.

तुझं पत्र वाचलं त्याच आठवड्यात मी पोलीस ठाण्यात गेलो. कोस्मास दुभाष्या म्हणून आला, वाटभर मला शिव्या देत. मी सांगितलं की फेब्रुवारीत कुणी काही पाहिलं नाही हे खोटं, मी पाहिलं. ठाण्यातून परतताना त्या पोरांच्या भाऊबंदांनी मला गाठलं. या वेळी मी नुसता मार खाल्ला नाही, उलटा भिडलो. एकाचं नाक मी फोडलं, माझा डावा हात मनगटात मोडला. तरी तारखेला गेलो, हात गळ्यात बांधून.

पाचही जण समोर बसले होते. इस्त्रीच्या शर्टात, भांग पाडून, आयांच्या शेजारी. ताई, ती नुसती पोरं होती. गजवाल्याला मिसरूडही नीट फुटलेलं नाही. तरी मी बोट केलं. त्याच्या आईने तोंडावर पदर घ्यावा तशी टोपी ओढून घेतली. त्याला आणि दुसऱ्या एकाला कैद झाली, तिघं सुटले. सुटलेले आता मला रोज दिसतात. मी रस्ता बदलत नाही.

साक्ष चालू असताना त्यांच्या वकिलाने सगळ्यांसमोर विचारलं की तीस पावलांवर उभा होतास तर मदतीला का गेला नाहीस? कोस्मासने ते मला सांगताना आवाज बारीक केला. मी म्हटलं, मला तो मरायला हवा होता. कोस्मास दचकला, भाषांतर करू की नको म्हणाला. मी म्हटलं, कर.

मग न्यायाधीशांनी विचारलं, तर मेलेला माणूस तुझा कोण लागत होता? इकडच्या भाषेत अशा नात्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि आपल्या भाषेत रक्ताचा वैरी म्हणतात, ते तोंडातून निघेना. सगळे माझ्याकडे पाहत होते. शेवटी मी म्हणालो, माझ्या गावचा.

पोतिसच्या आईला एवढं जाऊन सांग. आई ऐकत असेल तर तिलाही.

तुझा
लिआस