आठवड्यातून किती वेळा बघायचं

३ जानेवारी १९७२
दुपारच्या बसने सोनईहून परत. डॉक्टरांनी सामान दिलं. एक काचेची नळी, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा, निळ्या औषधाची बाटली. नळीत खुणेपर्यंत औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी, अशी ती चढत जाते.
सोमवार आणि गुरुवार बघायचं. सकाळी उठल्यावर एकदा, जेवणानंतर दोन तासांनी एकदा. रंग वहीत लिहायचा. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण रंग लिहायला तेवढी पुरे.
"रोज बघितलं तर?" मी विचारलं.
"रोज बघून साखर कमी होत नाही आबा."
निघताना म्हणाले, पंधरा दिवसांत गोळ्यांनी रंग उतरला नाही तर सुई. रोज. पहिले दोन-तीन महिने त्यांच्यासमोर. म्हणजे मुक्काम सोनईला. सोनईला आपलं कोण? लेकीचं सासर. तिथं पाणी प्यायला बसलो तरी अवघडतो, तिथं दोन महिने अंथरूण टाकायचं? जावई चांगला आहे. म्हणून तर जास्त अवघड.

४ जाने.
आज वार नव्हता तरी बघणार होतो. सौ. भांडं देईना. "माझी भांडी बाटवू नका. तांब्या न्हाई, वाटी न्हाई." शेवटी फळीवरचं एक मातीचं बोळकं काढून दिलं, आणि जागा गोठ्यात, वैरणीच्या मागे. स्पिरिटचा वास घरात नको म्हणाली.
पहिला रंग. विटकरी.
चूक झाली असेल म्हणून परत केलं. विटकरी.

६ जाने., गुरुवार
स. विटकरी. जेवणानंतर विटकरी. गोळी वेळेवर घेतली. चहा बिनसाखरेचा. मग कुठून येते?
थोरल्या भावाची आठवण. त्यालाही साखर होती. त्याच्या अंगठ्याला बाभळीचा काटा लागला एवढंच, आणि शेवटी घोट्यापासून पाय काढला. तो कधी तपासत नव्हता. दवाखान्याचं नाव काढलं की शेतात निघून जायचा. मी तपासतो आहे. जास्तच तपासावं, कमी नको.
दोन्ही पाय कंदिलाजवळ धरून बघितले. टाचेला भेग आहे, जुनी आहे.

८ जाने.
आजपासून रोज बघायचं ठरवलं. दोन वारांच्या मध्ये काय होतं ते कोणाला कळणार?
स. विटकरी, दु. विटकरी, सं. नारिंगी. नारिंगी! सौ.ला हाक मारून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती, उठली नाही. "बघितलं परवा. तसंच आसंल."
एका भाकरीची अर्धी केली.

१० जाने., सोमवार
पाच वेळा. पाचही विटकरी.
बोळक्याच्या काठावर मुंग्या. डॉक्टर म्हणाले होते, साखर असली की मुंग्या येतात. म्हणजे खरंच आहे.
इस्माईलभाई आला. त्याच्या गुऱ्हाळावर मी बावीस हंगाम गुळव्या होतो. कढईतला रस कधी उतरवायचा ते रंगावर आणि बुडबुड्यावर सांगायचं, एवढंच माझं काम, पण ते चुकलं तर अख्खी कढई वाया. यंदा संक्रांत झाल्यावर उसाचा चरक सुरू करतो म्हणाला.
"येशील का न्हाई?"
"साखरेच्या माणसाला गुळावर काय बोलावतोस?"
"चाखू नगंस. नुस्ता बघ. आन् हिथं गोठ्यात बसून मुतातला रंग बघतूस, त्यापरीस कढईतला बघ की!"
सौ. स्वयंपाकघरात हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली, तेही माझ्यावर.

१२ जाने.
मन लागत नाही. गाय पाणी प्यायला उठली तरी वाटतं, वेळ झाली, दिवा पेटवावा.
सौ. म्हणाली, "अवो, तुमी आजारी कमी आन् तपासणारे जास्त झालात."
रागावलो. मग वाटलं, खोटं काय बोलली.
पण रंग तसाच आहे ना.

१४ जाने.
संक्रांत. गल्लीतल्या सगळ्यांनी तिळगूळ हातावर ठेवला. नाही कसं म्हणायचं? मुठीत धरून घरी आणला आणि गायीला घातला. गोड खाल्लं गायीनं आणि रंग माझा लाल.
भाकरी आता चतकोर. वरण, भाजी, ताक. चक्कर येते, पण ती अशक्तपणाची असेल.
सुई. सोनई. जावयाची आई समोरून जाताना पदर सावरून जाईल, मी खाटेवर बसलेला. हे रोज डोळ्यांपुढे येतं.

१७ जाने.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, उद्या डॉक्टरांना सांगायचं आहे.
सकाळी इस्माईलभाईच्या गुऱ्हाळावर गेलो, चूल बघायला. गोळी घेतली होती, पोटात फक्त ताक. उभ्या उभ्या घाम फुटला. थंडीत सदरा भिजला. हात थरथरायला लागले, समोरची माणसं लांब गेल्यासारखी. खाली बसलो ते तसाच कलंडलो.
इस्माईलभाई गेल्या वर्षाच्या ढेपेचा खडा घेऊन आला. मी दात घट्ट मिटले.
"तोंड उघड!"
मी मान हलवली.
"आरं येड्या, मरून जाशील, आन् वर माझ्या गुऱ्हाळावर! तोंड उघड म्हन्तो न्हवं!"
जबरदस्तीनं खडा गालात कोंबला. चघळला. थोड्या वेळात घाम थांबला, माणसं जवळ आली. त्यानं बैलगाडीतून घरी पोचवलं.
घरी आल्यावर आधी गोठ्यात गेलो. विटकरी. उद्या वही दाखवायची आणि आज गूळ खाल्ला. संपलं सगळं. सौ.ला म्हणालो, माझ्या दोन धोतरजोड्या आणि पांघरूण बांधून ठेव. तिनं बांधलं. गाठ मारताना डोळ्याला पदर लावला.

१८ जाने.
सोनई. सौ. बरोबर होती. गाठोडंही होतं. सकाळची लघवी बोळक्यातून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेली होती.
डॉक्टरांनी वही उघडली. मोजत बसले. "आठ वेळा सांगितलं होतं. ह्या एकसष्ट आहेत."
मी बाटली पुढे केली.
त्यांनी माझ्या बाटलीतली लघवी उकळली. विटकरी. मान हलवली आणि सुईचं बोलायला लागले. तेवढ्यात मी कालचं सांगितलं. घाम, थरथर, गुळाचा खडा. ते थांबले. पुन्हा विचारलं, खडा चघळल्यावर बरं वाटलं? किती वेळात?
"आबा, ही साखर कमी झाल्याची लक्षणं. आणि वही म्हणते, साखर मावत नाही. दोन्हीतलं एक खोटं आहे."
काचेचा पेला दिला. मागच्या मोरीत जाऊन या म्हणाले. तीच नळी, तेच औषध, तोच दिवा. उकळलं.
हिरवं. हिरवं म्हणजे अगदी फिकट, कडेला निळसर.
मला वाटलं माझे डोळे गेले.
"घरी कशात धरता?"
"बोळक्यात."
"कसलं बोळकं?"
सौ. भिंतीशी उभी होती. ती डॉक्टरांसमोर बोलत नाही. आज बोलली. "मातीचं. काकवीचं हुतं. धुतलं हुतं मी, पन त्वांड लहान, हात जात न्हाई आत."
"आणि मुंग्या?" मी म्हणालो. "मुंग्या कशा मग?"
"त्या तर दिवाळीपासनं हायत की त्या बोळक्याला! तुमचं पानी पडायच्या आधीपासनं. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."
डॉक्टर हसता हसता खुर्चीवर मागे रेलले. मला हसू आलं नाही. बावीस हंगाम काकवी, गुळाचा तो पातळ पाक, हाताळली. माती काकवी पिते, कोरं बोळकं पहिल्या भरतीला पाव हिस्सा गिळतं, हे मीच गिऱ्हाइकांना सांगायचो. तळाशी खडा धरलेला असणार, आणि मी रोज पाच वेळा तो भिजवून उकळत होतो.
आणि त्या लाल रंगाला भिऊन चतकोर भाकरीवर गोळी घेत होतो, तेही सांगितलं. डॉक्टर हसायचे थांबले ते ह्याच्यावर. म्हणाले, "आज मी सुई दिली असती आबा, तर कालच्यापेक्षा वाईट झालं असतं."
आता ठरलं ते असं. सुई आज नाही. दोन भाकऱ्या, वेळेवर. गोळी खाल्ल्यावरच. सोमवार, गुरुवार, दोन-दोन वेळा, काचेत. घाम आणि थरथर आली तर आधी गूळ, मग बाकीचं. १ फेब्रुवारीला वही घेऊन या. तेव्हा बघू.
"मधल्या दिवशी शंका आली तर?"
"शंका वहीत लिहा. दिवा पेटवू नका."
मग लेकीकडे गेलो. पाहुणा म्हणून. विहिणीनं चहा केला, बिनसाखरेचा, आपणहून. गाठोडं कसलं म्हणून विचारलं. सौ. म्हणाली, "थंडी हाय ना, म्हनून पांघरून आनलं." पाचच्या बसने परत.

२० जाने., गुरुवार
बोळकं सौ.नं उकिरड्यावर फोडलं. माझ्यासाठी लोणच्याची काचेची बरणी रिकामी केली. बाटवायची नसलेल्या भांड्यांतली ही पहिली.
स. हिरवं. जेवणानंतर पिवळं. निळं नाही. पण लाल नाही.

२२ जाने.
शनिवार. वार नाही. शंका: सकाळपासून तहान लागते आहे. उन्हाची की कसली?
दिवा जागेवर नव्हता. सौ.नं ज्वारीच्या कणगीत लपवला होता, सापडला. हातात घेऊन बसलो. ती दारात येऊन उभी राहिली.
"हुडकला?"
"नुसता पुसतो आहे."
"पुसा. चांगला पुसा." उभीच राहिली, पुसून होईपर्यंत. कणगीत ठेवला परत.

२४ जाने., सोमवार
स. हिरवं, निळ्याकडे. जेवणानंतर हिरवं.
मधले तीन दिवस काय झालं ते मला माहीत नाही. तरी मी आहे, पाय आहेत.

२७ जाने., गुरुवार
स. हिरवं. दुपारी नारिंगी.
बरणी दोनदा हुंगली, सौ.ला विचारलं, लोणच्याखेरीज काय होतं हिच्यात? "काय न्हवतं. तुमी आज कुटं गेल्तात ते सांगा."
इस्माईलभाईच्या शेतात. हुरडा भाजला होता. दोन ओंजळी खाल्ल्या, वर घरी येऊन दोन भाकऱ्याही.
"मग नळीचा काय दोस?"
बरोबर आहे तिचं. आज नळी खरं बोलली आणि मला पटलं. लाल साठ वेळा दिसलं त्यातून काही शिकलो नाही, एका नारिंगीनं शिकवलं. हुरडा खायचा तर भाकरी कमी.
डॉक्टरांना विचारायचं: ज्या दिवशी नवीन काही खाल्लं त्या दिवशी एकदा जास्त बघितलं तर चालेल का? ठरलेले वार धरून. रोज नाही. खरंच रोज नाही.

२९ जाने.
शंका लिहायला बसलो, एकही आठवेना. टाचेची भेग बुजत आली.
इस्माईलभाईचा निरोप, मंगळवारी पहिली कढई. चाखायला दुसरा माणूस ठेवला आहे, मी फक्त बघायचं. मंगळवारीच डॉक्टर. दुपारच्या बसपर्यंत एक कढई उतरवता येईल. सुईचं ठरलं तर तीच शेवटची.

३१ जाने., सोमवार
सकाळी निळं.
नळी उजेडाकडे धरली. निळंच. लगेच दुसऱ्यांदा करावं वाटलं, खात्रीसाठी. चिमटा हातातच होता. सौ.ला हाक मारली, आज उठून आली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मोराच्या मानेवानी हाय." मी नळी धुऊन ठेवली.
उद्या डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही. एका निळ्यानं सुई टळते की नाही, तेही माहीत नाही. गुरुवारचं नारिंगी वहीत आहे, ते खोडलं नाही.
आत्ता ताट वाढलं आहे. सौ. विचारते आहे, दुसरी भाकरी अख्खी वाढू का अर्धी. अख्खी वाढ म्हणालो. रंग दोन तासांनी बघायचा.