रजई आणि मामांचा चिमटा

मंगळवार, ५ मार्च

कालच्या पानावर मी लिहिलंय, ‘रजई खायला येत नाही.’ चूक! येते. आज नीट बघितलं. मामांनी चिमट्यात शिंपल्याचं मांस धरून खाली सोडलं, तशी ती वाळूवरून उठली, वास घेत घेत अगदी जवळ आली आणि वीतभर अंतरावर एकदम मागे फिरली. तव्याला हात लागल्यासारखी. तीनदा आली, तीनदा फिरली.

‘येत नाही’ आणि ‘येऊन परत जाते’ यात केवढा फरक आहे! आई घरी शिकवायची तेव्हा असं वाक्य दिसलं की पान परत द्यायची. ‘जे दिसलं ते लिही. जे वाटलं ते नंतर.’ पुढे शाळेत गेले, पण ही खोड काही गेली नाही.

रजई म्हणजे आमची म्हातारी पाकट, चपटा रुंद मासा. मामांनीच ठेवलेलं नाव. पोहताना खरंच कोणीतरी रजई झटकतंय असं वाटतं. नव्या, खोल टाकीत हलवल्यापासून तिच्या पोटात काही नाही. अंगाच्या कडा आत गेल्यात. मत्स्यालय चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘शुक्रवारी डॉक्टर येतील. तोवर खाल्लं नाही तर इंजेक्शन देऊन सोडवू तिला, हाल नको करायला.’ मामा चिमटा धूत बसले. मत्स्यालयात सगळेच त्यांना मामा म्हणतात, पण ते मामासारखे वागतात ते रजईशी.

बुधवार, ६ मार्च

सारखा एकच विचार. रजईचे डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली. म्हणजे ती जे खाते ते तिला कधीच दिसत नाही! मग घास सापडतो कसा? लांबून वासाने. जवळ आल्यावर तोंडाभोवतीच्या बारीक भोकांनी. त्यांत जेलीसारखं काहीतरी भरलेलं असतं. वाळूखाली दडलेल्या जिवाच्या अंगातली इवलीशी वीज त्यांना कळते. मग ती त्याच्यावर पसरते, ओढून घेते आणि चपट्या दातांनी शिंपला फोडते. मला घास अंधारात शोधावा लागला तर? आज जेवताना डोळे मिटून बघितलं. आमटी बाहीवर.

सगळे नव्या टाकीला दोष देतात. पण टाकी बदलली तेव्हा आणखी एक गोष्ट बदलली! जुनी लाकडी काठी तळापर्यंत पोचेना, म्हणून मामांनी स्वतः लांब चिमटा बनवला. गंजू नये म्हणून जस्त चढवलेल्या पट्ट्या, पकड चांगली बसावी म्हणून टोकांना पितळ. बाकीचे मासे त्याच चिमट्यातून घास ओढून नेतात, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण ते बघून खातात!

जस्त, पितळ, खारं पाणी. बाबांचा धडा! रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर मिठाच्या पाण्याचा पेला, दोन धातूंच्या पट्ट्या, आणि ‘जीभ लाव, घाबरू नकोस.’

दुपारी चिमटा घासून घासून धुतला, टाकीच्या पाण्यात बुडवला आणि दोन्ही धातूंच्या सांध्यावर जीभ टेकवली. आंबट! झिणझिण! चिमट्यातून वीज सुटतेय, जवळ आल्यावर रजईला बोचते ती हीच!

मागून मामा. ‘काय गं, भूक लागली असेल तर सांग की! माझ्या डब्यात उरलंय.’

मी हसले. सांगितलं नाही. त्यांच्याच चिमट्याने ती उपाशी राहिली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आणि माझंच चुकत असेल तर?

गुरुवार, ७ मार्च

मामा दात दाखवायला गेले होते. प्लास्टिकच्या नळीला दोऱ्याने मांस बांधून खाली सोडलं. रजई आली, पसरली — नळीला हिसका बसला. खाल्लं!! परत बांधलं. परत खाल्लं.

नळी धुऊन कपाटात ठेवली.

शुक्रवार, ८ मार्च

एकदा जमलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. म्हणून सकाळी लवकर जाऊन आधी नळी, मग चिमटा, मग परत नळी. खाल्लं, मागे फिरली, खाल्लं. आता शंका नाही.

रजई खातेय हे कळल्यावर डॉक्टर हसत परत गेले. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘हिच्या हाताला गुण आहे. आता हिनेच भरवायचं.’ तेव्हाच बोलायला हवं होतं. मामा शेजारीच उभे होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले काय, तर ‘थँक्यू मॅडम’. मूर्ख!

शनिवार, ९ मार्च

मामांनी आज टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. चहाच्या वेळी आपणहून म्हणाले, ‘जनावराला कळतं गं. तिला माझा हात नको झालाय. म्हातारपणी माणसं बदलतात, तशी तीही बदलली.’

‘तसं नाहीये मामा.’

‘मग कसं?’

मी कपाकडे बघत राहिले. ‘राहू दे,’ मामा म्हणाले. ‘खातेय ना, बास.’

त्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले होते मी! चिमट्याचं ऐकून वाईट वाटलं असतंच. पण हे? ती आपल्याला विटली असं समजून ते घरी गेले. आणि ती तर रोज त्यांच्यापर्यंत येत होती — वीतभर अंतरावर.

रविवार, १० मार्च

मामांचा फोन. मॅडमना सांगून टाकलंय त्यांनी — मंगळवारपासून ते पंपांच्या खोलीत. ‘रजई तुझी. जप तिला.’

उद्या. सोमवार, ११ मार्च, सकाळच्या खाण्याआधी. चिमटा घासून ठेवलाय. आधी मामांची जीभ चिमट्याला, मग नळी त्यांच्या हातात.