निळी शाल

प्रिय शंकासूर,

टोपणनाव तेच ठेवलंय, रागावू नकोस. सात वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर तू मला, तीस वर्षं व्यासपीठ गाजवणाऱ्या बापाला, बायबलातली शुभवर्तमानं, येशूची चरित्रं, कशी तपासायची ते शिकवत होतीस. दोन ग्रंथांत वाक्यंच्या वाक्यं सारखी आली, तर ते दोन साक्षीदार मानायचे नाहीत. कोणी कोणाचं उतरवलं ते आधी शोधायचं. आणि सांगणाऱ्यालाच खाली मान घालायला लावणारी गोष्ट सहसा कोणी मुद्दाम रचत नाही. शिष्य पेत्रानं आपल्या गुरूला, येशूला, तीनदा नाकारलं, तशी. मी टेबलावर मूठ आपटली, तुझा कप फुटला. देवाच्या वचनाची उलटतपासणी या घरात चालणार नाही, असं गरजलो. तू बॅग भरलीस. तुझी आई कपाचे तुकडे वेचत राहिली.

तिला जाऊन आता वर्ष होईल. आपली चर्चची मंडळी तिच्या आठवणींची पुस्तिका काढतेय. संपादक अर्थात मीच. तिच्या शेवटच्या सकाळविषयी तिघांनी लिहिलं: अंगावर निळी शाल, ओठांवर आमेन, मनात कसलीच इच्छा उरली नव्हती. वाचून माझी छाती फुगली, आणि मग मी तिन्ही कागद पुन्हा वाचले. शाल निळी नव्हतीच. तू पाठवलेली तपकिरी होती, तीच तिनं मागून घेतली होती. निळी मी दिलेली, आणि अंत्यविधीच्या प्रवचनात मी निळी म्हणालो होतो. तिघांनी माझंच उतरवलं होतं. साक्षीदार तीन नव्हतेच. एकच होता, आणि तो खोटं बोलला होता.

चौथा कागद आत्याचा. तापामुळे ती प्रवचनाला नव्हती, पण त्या सकाळी उशाशी तीच बसली होती. तिनं दोनच ओळी लिहिल्यात: "तपकिरी शाल. वहिनी म्हणाली, 'पोरीला फोन लावा.' दादा म्हणाला, 'आधी प्रार्थना होऊ दे.'"

प्रार्थना मी लांबवली. आमेन म्हणून डोळे उघडले, तेव्हा फोन लावण्यात अर्थ उरला नव्हता.

पोरी, माझी श्रद्धा तसूभरही ढळलेली नाही. येशू मरणातून उठला, हे मी येत्या रविवारीही छातीठोकपणे सांगेन. पण तिनं तुझी आठवण काढली नाही, असं मी तुला कळवलं होतं. काढली होती. ही ओळ लिहिताना मान वर होत नाही. तेव्हा तुझ्याच नियमानं ती खरी धर. आत्याचा कागद पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापतोय. तपकिरी शाल सोबत पाठवतोय. धुतलेली नाही.

तुझाच, आता उलटतपासणीला तयार असलेला,
बाबा