राखणदाराचे पाय

नॉम पेन्ह, ६ फेब्रुवारी २०१४

ती. सोथिआताईस, विराकचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला पुरतं बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहितो. चोरीला गेलेले आपल्या गावचे दगडी राखणदार आजोबा सापडले. परदेशात एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात उभे आहेत, घोट्यापासून कापलेले. फोटो बघून मी आमच्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत सगळ्यांदेखत रडलो.

आता नियम असा, की मूर्ती आपली हे सिद्ध केल्याशिवाय परत मागता येत नाही. दगडी पाय गावातच राहिले, पण चोरीनंतर बाबांनी त्यांच्यावर सिमेंटचे आजोबा उभे केले. पायांचा कापलेला काठ दाखवायचा तर बाबांच्या हातचं काम फोडावं लागेल. महिनाअखेर काठाचा साचा आला नाही तर दावा बारगळेल. बाबांना तूच सांग, माझी हिंमत होत नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझा विराक

१५ फेब्रुवारी

चि. विराकास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

मला वाघाच्या तोंडी दिलंस आणि स्वतः पंख्याखाली बसलास. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. येमकाकू मला तोंडावर म्हणाली, बावीस वर्षं याच आजोबांनी पाऊस दिला, पोरं दिली, आता सरकारी कागदापायी त्यांना फोडणार का?

तिसऱ्या दिवशी बाबांनी उदबत्त्या, उकडलेला कोंबडा आणि भाताची दारू ठेवून आजोबांची परवानगी मागितली. तुमच्या खात्याच्या माणसाला हात लावू दिला नाही, छिन्नी स्वतः घेतली. आम्ही डोळे मिटून बसलो. पण फोडावं लागलंच नाही रे. कडेने चार टोले मारले, चौघांनी उचललं आणि अख्खं सिमेंट अलगद वर आलं. खाली पायांवर मेणाचा जाड थर. बाबा म्हणाले, पायांचा मालक आज ना उद्या येणार हे ठाऊक होतं, त्याची जागा मी कशी अडवीन?

काठाला ओरखडासुद्धा नाही. साचा पाठवते आहे. मी या माणसाची मुलगी, हे गावभर सांगत फिरते आहे.
तुझी ताई

नॉम पेन्ह, ३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

काठ जुळला. आजोबा काल विमानाने उतरले. मात्र नियमाप्रमाणे ते इथल्या संग्रहालयातच राहतील, आणि पायही इथे आणावे लागतील. गावाची जागा रिकामी होईल, याची मला लाज वाटते.

नोंदवहीत एक रकाना असतो, वस्तू आजवर कोणाकोणाकडे होती. दलालांच्या नावांखाली मी बाबांचं नाव लिहिलं: पाय, गवंडी केओ नुओन यांच्याकडे, बावीस वर्षं, जपून. साहेबांनी वाचलं आणि सही केली.

बाबांना नमस्कार.
विराक

२० नोव्हेंबर

चि. विराकास आशीर्वाद.

लाज कसली वाटून घेतोस? पाय वाजतगाजत पाठवले. येमकाकूच सगळ्यात पुढे नाचत होती.

जागाही रिकामी नाही. सिमेंटच्या आजोबांना आता स्वतःचे पाय हवेत म्हणून बाबांनी पुन्हा कोंबडा ठेवून परवानगी काढली, आणि ओल्या सिमेंटात स्वतः उभं राहून साचा घेतला. डाव्या पायाची वाकडी करंगळी तशीच उमटलीय. नीट करू का असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, नको; पुढेमागे हेही कोणी चोरले, तर विराकला ओळख पटवायला सोपं जाईल.

तुझी,
सोथिआताई