पडदा तुमच्याकडे वळवला

सासरेबुवा,

तीर्थरूप लिहायला हात धजावत नाही.

आज सकाळी तुम्हाला रक्ताच्या उलट्या झाल्या आणि तुम्ही माझ्याच टेबलावर आलात. "पोट उघडायचं का?" मी विचारलं. तुम्ही माझा हात घट्ट धरलात. "नको गं, दुर्बीणच घाल."

तुमच्या लेकाला, माझ्या नवऱ्यालाही अल्सरमधून असाच रक्तस्राव झाला होता. आधी तोंडातून दुर्बीण घालू द्या, म्हणून मी तुमच्यापुढे पदर पसरला होता. "नळ्या घालणाऱ्यांनी सर्जनला शिकवू नये," असं म्हणून तुम्ही स्वतःच त्याचं पोट उघडलंत. रक्त थांबलं, पण ते ऑपरेशन त्याला सोसलं नाही. तो गेला. वर चारचौघांत म्हणालात, "दुसरा इलाजच नव्हता."

म्हणून आज तुम्हाला झोपेचं इंजेक्शन दिलं नाही. फक्त घसा बधिर केला आणि दुर्बिणीचा पडदा तुमच्याकडे वळवला. जखमेवर चिमटा बसला, रक्त थांबलं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, तेव्हा मी म्हटलं, "बघा ना बाबा. एवढंच करायचं होतं."

हे पत्र धाडत नाही. तुम्हाला कळायचं ते कळलंय.

आता शंभर वर्षं जगा.

तुमची,
नळ्या घालणारी सून